शिवलेली आठ पाने सुटी करून मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
संगीत विभाग, सार्वजनिक ग्रंथालय.

विषय : क्लॅरिनेट व पियानोच्या सोनाटांच्या पुस्तकात शिवली गेलेली क्लॅरिनेटची आठ पाने सुटी करून मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

१. चौथ्यांदा कळवते की, आमच्या दिवंगत संगीतशिक्षिका बाईंनी आपल्या ग्रंथालयास दिलेल्या संग्रहात पाश्चात्त्य संगीताच्या रोमँटिक काळातील सोनाटांची (दीर्घ वाद्यरचनांची) एक जुनी आवृत्ती आहे. अशा पुस्तकात पियानोची पाने बांधलेली असतात आणि क्लॅरिनेटची वही आत सुटी ठेवलेली असते, कारण वाजवणारी माणसे दोन असतात. ती वही हरवू नये म्हणून आपल्या बांधणी विभागाने पुस्तकाच्या शेवटी शिवून टाकली. हेतूबद्दल तक्रार नाही.

२. परिणाम असा की, माझी थोरली बहीण पियानोवर पान बारा उघडते, तेव्हा माझे पान एक्कावन्न त्याखाली दबलेले असते. पहिल्या अर्जावर आपण कळवलेत की, पियानोच्या पानांवरही क्लॅरिनेटची ओळ बारीक छापलेली आहे, ती पाहून वाजवावे. तसे केले. ताईच्या पाठीमागे उभी राहून, मुंग्या मोजाव्यात तसे मी सूर टिपत होते. वाद्याचे टोक तिच्या अंबाड्यात अडकले. "माझ्या कानात फुंकतेस की वाद्यात?" हा तिचा प्रश्न रास्त होता.

३. दुसऱ्या अर्जानंतर पुस्तक बांधणीकडे गेले आणि अधिक पक्के शिवून परत आले. तिसऱ्या अर्जावर खिडकीवरच्या कारकुनांनी तोंडी तोडगा दिला की, एका पुस्तकावर एका वेळी एकच वाचक, सबब ताईने सकाळी वाजवावे आणि मी दुपारी.

४. नवी आवृत्ती बाजारात मिळते. पण तिच्यात बाईंची पेन्सिल नाही. मी बारा वर्षांची असताना त्यांनी त्या आठ पानांच्या कडेला लिहून ठेवले आहे : इथे श्वास घे. इथे ताईसाठी थांब. इथे घाई नको गं. छायाप्रत काढली तर कडेची ही अक्षरेच शिवणीत जातात.

५. ताईच्या उजव्या हाताची शस्त्रक्रिया १८ तारखेस आहे. त्यानंतर बोटे पूर्वीसारखी वळतील असे डॉक्टर म्हणत नाहीत. त्याआधी आम्हां दोघींना बाईंनी शिकवलेली त्यातली सोनाटा एकदा, आपापल्या जागी बसून, वाजवायची आहे.

६. बांधणीकाका म्हणतात, अर्ध्या तासाचे काम आहे, साहेबांची सही आणा. काल त्यांनी विचारले, "एवढं काय आहे हो या आठ पानांत?" मी तिथेच, खळीच्या वासात, उभ्याने वाजवून दाखवले. मध्ये थांबले तर म्हणाले, "संपलं?" म्हटले, नाही, इथे ताई वाजवते. तेवढा वेळ त्यांनी शिवणकामाची सुई थांबवून धरली. पुढे मी जिथे जिथे थांबले, तिथे त्यांची सुईही थांबली.

तरी १७ तारखेच्या आत सही व्हावी. वाजवून झाल्यावर वही मी स्वतः आणून देईन. मग ती कायमची शिवून टाकली तरी आमची हरकत नाही.

आपली नम्र व अजून दम धरून असलेली,
(सही)
वाचक क्रमांक ४१७, धाकटी बहीण
दिनांक : ९

सोबत :
१. शस्त्रक्रियेच्या तारखेचा कागद.
२. पूर्वीच्या तीन अर्जांच्या प्रती.
३. सदर आठ पाने. (शिवलेली असल्याने जोडता आली नाहीत.)