सोनकुल जेवायला बसलं तो दिवस

तीर्थरूप कासिमआली दाजी यांस,

मेदेरचा अदबीने सलाम. गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि आता वाळलोही आहोत.

आमच्या लेकीच्या, बुरुलच्या कानात डूल घालून सोयरीक पक्की करायला परवा तोकोन व्याही आणि विहीणबाई आले. म्हटलं, क्लीनरचा सहा ट्रकांचा मालक झालेला माणूस मी, माझं लोकरी नमद्याचं तंबूघर चारचौघांसारखं टेकाडावर कशाला? ठोकलं सोनकुल तळ्याच्या पाण्यापासून वीस पावलांवर. आता या तळ्याला मिळणारे ओढे मोजून संपत नाहीत, आणि बाहेर जायला नदी एकच (आमच्याकडे पाहुण्यांचं असंच असतं). आठवडाभर ऊन तापलेलं, घळींतलं बर्फ सुटलेलं, तळं गुपचूप फुगलेलं. त्यात भर दुपारी वारा फिरला.

दाजी, मी जन्मभर हे तळं बघतोय, पण ते असं कूस बदलताना पाहिलं नव्हतं. निळं होतं ते काळं झालं, उरल्यासुरल्या बर्फाच्या काचा किणकिणत एकमेकींवर चढत काठाला आल्या. तोकोन व्याह्यांचा घास हातातच राहिला. पाहुणे आत मानाच्या जागी, यजमान दाराशी. त्यामुळे पाणी पहिलं भेटलं ते मला, बुडाखाली. मी तोंड सरळ ठेवून घोडीच्या दुधाचं कुमिस ओतत राहिलो. आमची ही, उल्कान, म्हणाली, "अहो, असं काय बसलात, दात दुखतोय का?" तेवढ्यात माझा बूट तरंगत पंक्तीत आला. विहीणबाई म्हणाल्या, "मेदेरभाऊ, तुमचं तळं न बोलावता जेवायला बसलं की!"

घर उभंच्या उभं उचलायला पंधरा माणसं लागतात, होतो अकरा. व्याह्यांना आपल्यात पेलासुद्धा उचलू देत नाहीत, पण तोकोन उठले, भिंतीच्या जाळीत खांदा घातला आणि ओरडले, "बघताय काय? उचला!" आम्ही आत, घर आमच्याभोवती, वरच्या झरोक्यातून डोक्यावर गारा, अशी वरात टेकाडावर चढली.

वर पोचून वळलो तर वारा थांबलेला. सगळी शिखरं पाण्यात उलटी, आणि त्यांच्यामधून एकच ढग चाललेला. तोकोन हळूच म्हणाले, "मघाशी मी याला शिव्या दिल्या हो."

आपला,
मेदेर

ता. क. डूल अजून विहीणबाईंच्या बटव्यातच आहेत. निघताना व्याह्यांनी विचारलं, "जागा कुणी निवडली? ज्या घराला पाणी कळत नाही, तिथली पोरगी आमचे कळप काय सांभाळणार?" माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. रविवारी ते परत येतील. तुम्ही या आणि जरा ओशाळून बसा.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवताना कळलं ते असं : बुरुलने विहीणबाईंना निघतानाच खरं सांगून टाकलं, की जागा बाबांची आणि तिने मला तीनदा अडवलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे रुमालाखाली तिच्या कानात डूल घातले आणि व्याह्यांना मुद्दाम सांगितलं नाही. तरी तुम्ही याच. व्याह्यांपुढे तुमचं नाव मला आता मागे घेता येत नाही.