ताईच्या फोटोभोवतीची फट

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : आवक-जावक शाखेतील फोटोभोवतीची फट रिकामी करून मिळणेबाबत, तसेच ती बुजवण्याचे काम तात्काळ थांबवणेबाबत.

संदर्भ : देखभाल शाखेने सदर फोटोच्या खालीच टाचणीने लावलेली सूचना, "शुक्रवारी फोटो पक्का करण्यात येईल."

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा फोटोंच्या चौकटी बनवण्याचा व्यवसाय करतो. आपल्या आवक-जावक शाखेत जिची उभी हयात गेली, ती अर्जदाराची थोरली बहीण. शाखेत लहानथोर सगळेच तिला ताई म्हणत, साहेबसुद्धा. ती निवृत्त झाल्यावर सहकाऱ्यांनी हौसेने तिचा फोटो शाखेत लावायचे ठरवले आणि काम घरच्याच माणसाकडे आले. अर्जदाराने ते जीव ओतून केले, हे येथे नम्रपणे, परंतु ठामपणे नमूद करण्यात येते.

२. कामाचे स्वरूप असे. फोटो ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कायमचा चिकटवलेला आहे. चिकटवताना धुळीचा एक कण जरी खाली राहिला, तरी फोटोतल्या माणसाला जन्मभराचे आवाळू येते. सबब अर्जदाराने त्या दिवशी घरात कोणालाही पंखा लावू दिला नाही व अंथरूण झटकू दिले नाही. पत्र्याच्या पाठीमागे एक लहान लाकडी चौकट चिकटवली असून ती मोठ्या चौकटीला मागून स्क्रूने धरली आहे. पुढून खिळा नाही, काच नाही, फोटोला कशाचाही स्पर्श नाही. फोटो आणि चौकट यांच्यामध्ये चारही बाजूंनी एक बोटभर मोकळी फट आहे. त्यामुळे फोटो अधांतरी उभा असल्यासारखा दिसतो. ही फट म्हणजेच सगळी कारागिरी होय. बाकीचे काम कोणीही करील.

३. फोटो टांगला त्याच दिवशी आपल्या भांडारपालांनी तो "लहान पडलाय" असा शेरा मारला व मोठा फोटो आणून देण्यास सांगितले. अर्जदाराने त्यांना फटीचे महत्त्व चहा संपेपर्यंत समजावले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि मग चौकट लहान करून आणता येईल का, असे विचारले. पालथ्या घड्यावर पाणी.

४. येथपर्यंतही अर्जदाराची तक्रार नव्हती. परंतु पुढच्याच आठवड्यात उजव्या फटीत एक पेन्सिल आढळून आली. ती तेथे इतकी चपखल बसली होती की, जणू मापच घेतले असावे. चारही बाजूंची फट तंतोतंत सारखी ठेवण्याचा अर्जदाराचा हट्टच अंगाशी आला. समोरून पाहता, ताईने कानामागे पेन्सिल खोचली आहे असे दिसू लागले. पाठोपाठ डावीकडे पट्टी आली, वरच्या बाजूला लिफाफे आले, खालच्या फटीत पेने व कोणा कर्मचाऱ्याचा कंगवा आला. विचारणा केली असता "जागा रिकामीच होती" असे एकमुखी उत्तर मिळाले.

५. त्यानंतर प्रकरण हाताबाहेर गेले. नागरिकांनी आपले अर्ज फटीत खोचण्यास सुरुवात केली. त्यांना खिडकीकडे पाठवण्याऐवजी शाखेने तेथे एक पाटी लावली : "अपुरे अर्ज वरच्या फटीत, पूर्ण अर्ज डावीकडे." खिडकीवर दिलेल्या अर्जापेक्षा फटीतल्या अर्जाला उत्तर लवकर मिळते, असा बोभाटा गावभर झाला आहे. एका वयस्क गृहस्थांनी तर अर्जावर "प्रति, मा. ताई, भिंत" असेच लिहिले, आणि त्यांचे काम झाले.

६. आता देखभाल शाखेचे ऐका. त्यांच्या तपासणीत फोटो "चौकटीत सैल" आढळला. सबब शुक्रवारी सुतार येऊन फटीत चारही बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकणार आहे आणि पुढून चार स्क्रू पिळणार आहे. पैकी एक स्क्रू ताईच्या कानाजवळ व एक हनुवटीच्या शेजारी येतो. एक शाखा फट भरते, दुसरी ती बुजवते. फट म्हणून तिच्याकडे बघायला कोणालाही सवड नाही.

७. अर्जदाराच्या जिवाला जे लागले आहे, ते आता स्पष्टच लिहिण्यात येते. ताईने हा फोटो अद्याप पाहिलेला नाही. तिचे गुडघे दुखतात, ती बाहेर पडत नाही. तिने अर्जदाराला बोट धरून शाळेत नेले, शिकवले, आणि अर्जदाराने शेवटी काय केले तर लोकांच्या फोटोंना कडा लावल्या. ती कधी वाईट बोलली नाही. मात्र आजवर एकाही चौकटीला तिने चांगले म्हटलेले नाही. हे काम तिने एकदा, फट रिकामी असताना, डोळे भरून पाहावे आणि काहीतरी बोलावे, एवढ्यासाठी अर्जदाराने रात्रीचा दिवस केला. तिच्या फोटोत कंगवा बघून ती काय बोलेल, याचा विचारही अर्जदारास करवत नाही.

तरी फट रिकामी करण्यात यावी व सुतारास परत पाठवण्यात यावे, ही विनंती.

पुरवणी :

वरील अर्ज सादर करण्यास अर्जदार गुरुवारी सकाळी आपल्या कार्यालयात आला. रांगेत त्याच्या पुढे तिघे होते आणि त्यांच्यापुढे साक्षात ताई उभी होती. निवृत्तिवेतनासाठी आपण जिवंत असल्याचा दाखला जातीने द्यावा लागतो म्हणून ती रिक्षा करून, कोणालाही न सांगता आली होती. खिडकीवरच्या नव्या कारकुनाने तिच्याकडे ओळखीचा पुरावा मागितला. ताईने खिडकीशेजारच्या भिंतीकडे बोट दाखवले. त्याने खिडकीतून मान बाहेर काढून फोटो पाहिला, परत ताईकडे पाहिले, आणि साम्य आहे, परंतु सदर फोटो साक्षांकित नाही, असे सांगितले.

ताईने पिशवीतून ओळखपत्र काढून दिले. सही करायला पेन नव्हते. ती पुढे झाली, स्वतःच्याच फोटोच्या खालच्या फटीतून पेन काढले, सही केली आणि पेन होते तिथे नीट ठेवले. मग ती तिथेच उभी राहून फोटोच्या चारही कडांवरून बोट फिरवत राहिली. रांग खोळंबली. अर्जदार मागे खांबाआड झाला, हे कबूल करण्यात येते. पण ताईच्या नजरेतून आजवर काय सुटले आहे?

मागे वळूनही न बघता ती म्हणाली, "खालची फट अर्धं बोट वाढव. कात्री बसत नाही."

नंतर खिडकीकडे वळून तिने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "ही फ्रेम माझ्या भावानं केलीय. उद्या कोणी ठोकायला आलं तर मला बोलवा." एवढे सांगून ती गुडघा धरत जिना उतरली.

वरील परिच्छेद खोडलेले नाहीत, कारण त्यांतला राग त्या वेळी खरा होता. मात्र विनंती बदलत आहे. फट रिकामी करण्याची मागणी अर्जदार मागे घेतो. सुतारास येऊ देऊ नये. तो आलाच, तर ताईचा पत्ता आपल्या दप्तरी आहे. तसेच खालची बाजू रुंद करण्यासाठी चौकट एका दिवसाकरिता घरी नेण्याची परवानगी मिळावी. चारही बाजू सारख्या राहणार नाहीत, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. धंद्यातले लोक नावे ठेवतील. ठेवोत.

आपल्या परवानगीची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
फ्रेमवाला, ताईचा धाकटा भाऊ

दिनांक : अर्ज बुधवारचा, पुरवणी गुरुवारची

सोबत : वाढीव फटीचा कागदी नमुना. कात्री घालून पाहिलेला आहे.