फियोरेंझाच्या घरचा धूर

४ जून
आणि वर ही लुदोविका मलाच शिकवते, काकू, रिकामं घर हीच कला आहे म्हणून! रिकामं? माझ्या लेकीचं, फियोरेंझाचं घर आहे ते. आजीने तिच्या नावावर ठेवलेलं. पडदे मी धुते, जळमटं मी काढते. लेक चार वर्षं जर्मनीत आहे म्हणून घर रिकामं होतं का?

शहरातून आलेली ही कलाकार. गावातल्या बंद घरांच्या धुराड्यांतून मशीनने धूर सोडणार, म्हणे तीच कला. मेयरने मीटिंगमध्ये सांगितलं, जग बघायला येईल, खोऱ्याचा विकास होईल. शेजारचा दुइलिओ म्हणाला, येईल विकास, आणि खोकत परत जाईल. सगळे खिदळले. मी नाही. टुरिस्ट आले की खानावळ लागणार. खानावळ म्हटली की माझी फियोरेंझा. तिकडे दुसऱ्यांची भांडी घासते, ती इथे मालकीण होईल.
किल्ली देऊन टाकली.

११ जून
फोनवर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बघू आई. म्हणजे येणार. मुलगी माझी आहे, मला कळतं.

२ जुलै
ठरलं. रोज फोन करायचा नाही. आपली किंमत आपण राखावी.

२ जुलै, संध्याकाळी
केला. खानावळीच्या पडद्यांचा रंग विचारायला नको? उचलला नाही. कामात असणार.

२७ जुलै
उद्घाटन. दोन बस भरून लोक. माना वर करून धूर बघितला, घरून आणलेली सँडविचेस खाल्ली, गेले. एकाने माझा फोटो काढला आणि म्हणाला, चेहऱ्यावर काय एकटेपणा आहे! मी म्हटलं, एकटा असशील तू, माझी लेक येत्येय.
आली नाही. उद्घाटनाच्या गर्दीत शहाणं माणूस येतंच नाही.

१९ सप्टेंबर
लुदोविका गेल्या आठवड्यात मशीन गुंडाळून गेली. आणि आज दुपारी फियोरेंझाच्या धुराड्यातून धूर! मशीनच्या धुराला वास नव्हता. याला लाकडाचा आहे.

बंद घरातून धूर निघाला की पहिलं जेवण शेजाऱ्यांनी न्यायचं, ही इथली रीत. दार वाजवायचं नाही. उंबऱ्यावर ठेवायचं आणि मागे फिरायचं. आलेल्या माणसाला आधी घर भेटू द्यावं. मी घेवड्याचं सूप नेलं, तिला आवडतं तसं दाट. दुइलिओने चीज ठेवलं. डोळे पुसत होता, वर म्हणतो धूर गेला डोळ्यात. हाक मारावी असं फार वाटलं. नाही मारली. रीत म्हणजे रीत.

२० सप्टेंबर
सकाळी फियोरेंझाच्या घराचं दार उघडलं. आतून एक दाढीवाला आला. लुदोविकाला पाठवणाऱ्या कलावाल्या संस्थेचा माणूस. म्हणाला, चूल चालते का बघायला पेटवली होती. घर आता आमचं, ऑगस्टमध्येच सह्या झाल्या, मालकीणबाईंनी सांगितलं नाही का? मग उंबऱ्यावरच्या भांड्यांचे फोटो काढायला लागला. वा, हे तर प्रदर्शनात कायम ठेवू, म्हणाला.
दुइलिओने आपलं चीज उचललं. त्याला म्हणाला, हे खायचं आहे, बाबा, बघायचं नाही. मग माझं पातेलंही घेतलं आणि म्हणाला, चल ओनोरिने, घरी चल.

२१ सप्टेंबर
फियोरेंझानेच फोन केला. सांगणारच होते, म्हणाली. आई, तिथे येऊन मी काय करू? तू मीटिंगमधलं ऐकतेस, माझं ऐकत नाहीस. आणि रडली. मी म्हटलं, पडदे तरी काढून घ्यायचे होते.

३ ऑक्टोबर
विकलं ते बरंच केलं. ओल फार होती. माझ्याकडे वरची खोली आहेच, रंग लावून घेतला. तिला मेसेज पाठवला: इथे बिऱ्हाड हलवतात ते सान मार्तिनोच्या सणाला, तुला सांगायला नको. पुढे बर्फाने घाट बंद होतो. वरच्या शेगडीसाठी लाकडं फोडून घ्यायची की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिही. पण सणाआधी, अकरा नोव्हेंबरच्या आत लिही.