मौनात झालेल्या चौतीस भेटींच्या नोंदीबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
स्थलांतरित बंदी केंद्र, पेनसिल्व्हेनिया

विषय : युसेबियो त्झोक यांच्या भेटवहीतील शेरा दुरुस्त होणे व फोनची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : सदर शेरा, 'संभाषण नाही. नाते सिद्ध होत नाही.'

महोदय,

आम्ही क्वेकर पंथाचे ख्रिस्ती कुणालाच साहेब, महोदय म्हणत नाही. आज म्हणते आहे, यावरून माझी गरज ओळखावी.

१. युसेबियो मूळचा ग्वाटेमालाचा, छपरांची कामे करणारा. नऊ वर्षांपूर्वी आमच्या सभागृहाचे छप्पर दुरुस्त करायला आला आणि दर रविवारी आमच्यात येऊन बसू लागला. आमची उपासना म्हणजे तासभर गप्प बसणे. आतून शब्द आला तरच उठून बोलायचे. त्याला पकडून नेल्यावर चार गावांच्या सभांनी मिळून ठरवले, की दर बुधवारी कुणीतरी त्याला भेटायचेच. चौतीस बुधवारांत एकही चुकला नाही.

२. काचेच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे तो, फोन कानाला लावून वीस मिनिटे गप्प बसत असू. आपले पहारेकरी एकदा म्हणाले, "अहो आजी, बोलायचंच नाही तर एवढ्या लांबून तडफडत येता कशाला?" आमचे एमॉस हॅवर्स्टिक म्हणाले, "बोलतोच आहोत की! तुमच्या वहीत मावत नाही, एवढंच." आम्ही हसलो. त्याच वहीतल्या शेऱ्यावरून काल न्यायाधीशांनी त्याच्या सुटकेसाठी दिलेली आमची हमी फेटाळली. अक्कल कुठे गहाण पडली होती आमची, देव जाणे.

३. खरे दुखणे वेगळेच आहे. चौतिसाव्या भेटीला मी होते. तो म्हणाला, "आजी, आज काहीतरी बोला ना. छप्पर गळतंय का, तेवढं तरी सांगा." आतून शब्द आला नाही, म्हणून मी गप्प राहिले. मला वाटले, पुढचा बुधवार आहेच. कालच्या निकालामुळे आता भेटी बंद झाल्या आहेत आणि येत्या शुक्रवारी त्याला ग्वाटेमालाच्या विमानात बसवणार आहेत. माझ्या जिवाला घोर लागला आहे.

शेरा दुरुस्त व्हावा, ही चारही सभांची विनंती आहे. माझी एकटीची विनंती लहान आहे : शुक्रवारच्या आत दहा मिनिटांचा फोन. या वेळी मी बोलेन.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
डॉर्कस पेनॉक
(चार सभांच्या भेट समितीकरिता)
मंगळवार, ११ मार्च

सोबत :
१. चौतीस भेटींची यादी, सह्यांसह.
२. बोलायचे ते लिहून काढलेली दोन पाने. फोन नाकारल्यास कृपया त्याच्या हाती द्यावीत. छप्पर गळत नाही, हे पहिल्याच ओळीत लिहिले आहे.