तिसऱ्या गटाचे टायर

२ मार्च, सकाळी ८

निदान झालं. दोष टायरचा आहे.

काल ट्रॅक डे होता, म्हणजे पैसे भरून शर्यतीच्या ट्रॅकवर आपापली गाडी पळवायचा दिवस. पुन्हा तिसरा गट. तिसरा गट म्हणजे नवशिके, हौशी आणि ज्यांना कुणीतरी वाढदिवसाला तिकीट भेट दिलंय अशी माणसं. दुसऱ्या गटात जायचं तर एक फेरी अडीच मिनिटांच्या आत मारावी लागते. माझी काल दोन मिनिटं चव्वेचाळीस. गेल्या वेळीही दोन चव्वेचाळीस. त्याआधी दोन पंचेचाळीस. म्हणजे सातत्य आहे. ड्रायव्हरमध्ये सातत्य असून वेळ येत नाही, तेव्हा घोडं गाडीत कुठेतरी अडलेलं असतं. इंजिन तपासलं, उत्तम. ब्रेक तर इतके उत्तम की झिजलेच नाहीत. उरले टायर.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मागच्या वेळी सीट होती, त्याआधी हेल्मेट होतं.

हेल्मेट खरंच जड होतं.

३ मार्च

बायकोची अट. ती जुन्या खुर्च्यांना नवं कापड आणि नवा स्पंज लावून देते. काम वाढलंय. सध्या घरात चौदा खुर्च्या आहेत आणि बसायला एकही नाही. गॅरेजमध्ये मात्र माझी दोन सीटची लाल गाडी ऐसपैस उभी. तर अट अशी: टायर हवे ते घे. पण १९ एप्रिलच्या ट्रॅक डेला नव्या टायरवरही दुसरा गट मिळाला नाही, तर गाडी विकायची आणि गॅरेज तिचं.

मी कागदावर सही करून दिली. इतकी सोपी अट घातली म्हणून मला तिची जरा कीवच आली.

७ मार्च

संशोधन सुरू. तक्ता तयार. अकरा टायर, पंधरा निकष, पाच रंग. मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो, त्यामुळे तक्ता करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. टायरच्या अंगावर झिजेचा एक आकडा छापलेला असतो. आकडा मोठा तर रबर कडक, टायर वर्षानुवर्षं टिकतो. आकडा लहान तर रबर मऊ, रस्ता घट्ट पकडतो, लवकर संपतो. रोज भाजी आणणाऱ्याने मोठा आकडा घ्यावा. मी लहान घेणार.

संकल्प: उद्यापासून मानेचा व्यायाम. वेगात वळताना मानेवर फार ताण येतो म्हणतात.

८ मार्च

मान धरली. व्यायाम स्थगित.

१४ मार्च

टायरवाल्याकडे गेलो. दुकान छोटं, माणूस अनुभवी, पण काळाच्या मागे. तक्ता दाखवला. त्याने चष्मा कपाळावर ढकलून तक्ता उलटा धरला, मग सुलटा धरला, मग खाली ठेवला. एकच प्रश्न विचारला, की गाडी रस्त्यावर किती चालते आणि ट्रॅकवर किती. मी सांगितलं, निम्मं-निम्मं. त्याने वाकून मीटर बघितलं. (घरी येऊन हिशेब केला. वर्षात चार हजार किलोमीटर, त्यातले ट्रॅकवर एकसष्ट. पण ट्रॅकचा एक किलोमीटर मनाला रस्त्याच्या शंभराएवढा असतो.)

मग त्याने माझे जुने टायर बोटाने चाचपले. म्हणाला, साहेब, जोरात वळताना घासतात त्या यांच्या कडा अजून रस्त्याला लागलेल्याच नाहीत, हे का काढताय? मी समजुतीने हसलो. तो म्हणाला, बदलायचेच असतील तर मधल्या आकड्याचे घ्या, थंडीत, पावसात, कुठेही धरतील. एकदम मऊ टायर तापल्याशिवाय पकडत नाहीत, आणि तापायला गाडी तशी चालवावी लागते. मी म्हटलं, तशीच चालवतो. त्याने पुन्हा एकदा मीटरकडे बघितलं.

सर्वांत मऊ टायरची ऑर्डर दिली.

२१ मार्च

टायर लागले! काय देखणे आहेत. खाचा नावालाच, बाकी सगळं काळं कुळकुळीत रबर. टायरवाल्याला म्हटलं, आता बघा. तो म्हणाला, सांभाळून. लोकांना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

येताना मुद्दाम लांबून आलो. सिग्नलला शेजारच्या व्हॅनमधल्या माणसाने टायरकडे निरखून बघितलं. काच खाली केली. म्हटलं, विचारेल कुठले. त्याने विचारलं, पेट्रोल पंप कुठे आहे.

२४ मार्च

मऊ रबर रस्त्यावरची बारीक खडी उचलतं आणि खालच्या पत्र्यावर फेकतं. गाडीत बसलं की कुणीतरी खालून मूठ मूठ दगड मारतंय असं वाटतं. शिवाय घूं असा आवाज. बायको शेजारी बसून काहीतरी सांगत होती, एक अक्षर ऐकू आलं नाही. हा फायदा तक्त्यात धरला नव्हता, सोळावा निकष म्हणून टाकला.

संध्याकाळी कळलं की ती मला डाव्या हाताला वळ म्हणून सांगत होती. तिच्या गिऱ्हाइकाकडे अर्धा तास उशिरा पोचलो. निकष काढून टाकला.

२ एप्रिल

आठवडाभर पावसाची भुरभुर. या टायरना पाणी चालत नाही. शिवाय ते दर वेळी तापून गार झाले की थोडे कडक होतात, म्हणून जपून वापरायचे. ऑफिसला बसने जातो. दोन बस बदलाव्या लागतात.

बायकोने विचारलं, म्हणजे वेगाने जाता यावं म्हणून तू एवढे टायर घेतलेस आणि आता बसने जातोस? तांत्रिक गोष्टी घरात समजावून सांगणं अवघड असतं.

११ एप्रिल

सराव. गाडी बाहेर काढून टायर वाया घालवण्यापेक्षा दिवाणखान्यात सराव केला. खुर्ची क्रमांक नऊ (उंच पाठ, हात असलेली), हातात ताटली, डोळे मिटून पूर्ण ट्रॅक. मनातल्या मनात फेरी दोन मिनिटं नऊ सेकंदांत. दुसऱ्या गटातले सगळे मागे. शेवटच्या वळणावर बायकोने उठायला सांगितलं, कारण खुर्चीचं गिऱ्हाईक दारात उभं होतं. त्या गृहस्थांनी ताटलीकडे बघितलं. मी ताटली स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

१८ एप्रिल

तयारी पूर्ण. हवा चार वेळा मोजली. साडूंचा फोन आला. हे बायकोच्या बहिणीचे यजमान, औषधांची एजन्सी चालवतात. म्हणाले, तुमचं ऐकून ऐकून मलाही हौस आली, उद्या मीही येतो. काय घेऊन येता विचारलं, तर म्हणाले, घरचीच गाडी. मागे बाळाची सीट लावलेली. टायर कुठले विचारलं, तर म्हणाले, काळे.

माणूस चांगला आहे. उद्या त्यांना फार मागे टाकायचं नाही असं ठरवलं.

१९ एप्रिल, दुपारी १२

सकाळचं सत्र झालं. तिसऱ्या गटात नियम आहे, की पुढच्याने खिडकीतून हात काढून इशारा केल्याशिवाय मागच्याने ओलांडायचं नाही. मी सभ्य माणूस. मागे कुणी ताटकळलेलं मला बघवत नाही. पहिल्याच फेरीत सहा जणांना हात दाखवला. दुसऱ्या फेरीत पुन्हा त्याच सहांना. एक हात सतत बाहेर असल्यावर माणूस गाडी वळवणार कशी? उजवा खांदा भरून आलाय.

साडूंनाही हात दाखवला. बाळाची सीट जवळून जाताना स्पष्ट दिसली. तिच्यात एक कापडी ससा बेल्ट लावून बसवलेला होता.

वेळ दोन मिनिटं एकावन्न. जुन्या टायरपेक्षा सात सेकंद जास्त. म्हणजे नवे टायर सदोष निघाले. दुपारचं सत्र संपलं की तक्रार करणार.

१९ एप्रिल, दुपारी ४

तक्रार केली. इथल्या प्रशिक्षक बाई पूर्वी शर्यतीत उतरायच्या, आता केस पिकलेत. दुपारचं सत्र संपवून मी गाडी थांबवली, तशा त्या आल्या. शांतपणे ऐकून घेतलं, मग उकिडव्या बसल्या आणि माझ्या पुढच्या टायरवर तळहात ठेवला. ठेवला तो ठेवलाच. मग उठून साडूंच्या गाडीशी गेल्या, तिथे हात लावला आणि झटकन मागे घेतला.

परत येऊन म्हणाल्या, टायर अगदी निर्दोष आहेत. फक्त थंड आहेत. आठ फेऱ्या मारूनही उभ्या गाडीसारखे थंड. मऊ टायर तापले तरच पकडतात, आणि ते तापतात जोरात ब्रेक मारून, जोरात वळून. तुम्ही सरळ रस्त्यावरच इतके हळू येता, की वळणावर ब्रेकची गरजच पडत नाही. हे टायर थंड असताना गाडी घसरते, घसरली की तुम्ही आणखी हळू जाता, की टायर आणखी थंड.

मी म्हटलं, हवामानाचा परिणाम असेल. त्यांनी वर सूर्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, तुम्हाला भीती वाटते का? वाटली तर त्यात काही नाही. मी म्हटलं, छे. खांदा दुखतोय.

दुपारची वेळही दोन एकावन्न. साडूंची दोन सव्वीस. त्यांना दुसरा गट मिळाला. त्यांनी मला घट्ट मिठी मारली आणि सगळं तुमच्यामुळे म्हणाले. मनापासून म्हणाले, तेच जास्त लागलं.

२० एप्रिल

रजा टाकली. मान, खांदा आणि इतर.

ही वही दुसरं कुणी वाचत नाही, म्हणून लिहून टाकतो. ट्रॅकच्या वळणाशी गाडी येते, आणि मला ट्रॅक दिसत नाही, टेबलावरची फाइल दिसते. वाहनचालकाचा वेगाचा अंदाज चुकला. हे वाक्य मी बावीस वर्षं वाचतोय. त्याखाली फोटो असतात. ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप वर येतो. सीट, हेल्मेट, टायर यांचा काही संबंध नाही. मला भीती वाटते. गाडी मला फार आवडते आणि ती जोरात चालवायची मला फार भीती वाटते.

लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. गॅरेजमध्ये जाऊन थोडा वेळ गाडीत बसून आलो. बायको दारापर्यंत आली आणि परत गेली. अटीचा कागद तिने काढला नाही. मीच काढून टेबलावर ठेवला.

२५ एप्रिल

जाहिरात मी स्वतःच लिहिली. हे काम दुसऱ्याकडून नीट होत नाही. ‘आक्रमक ड्रायव्हरची, ट्रॅकवर तावून सुलाखून निघालेली स्पोर्ट्स कार. शर्यतीचे टायर. अट्टल शौकिनांनीच फोन करावा.’

उद्या फोन ठेवायला फुरसत मिळणार नाही. ऑफिसात कल्पना देऊन ठेवली.

३ मे

आठ दिवसांत एक फोन. त्यानेही एवढंच विचारलं, की गाडी एकूण किती वेळा ठोकलीये. मी म्हटलं, एकदाही नाही. तो म्हणाला, असं सगळेच म्हणतात, आणि ठेवला. बाजारात मंदी आहे.

बायकोने जाहिरात वाचली. कपाळाला हात लावला. म्हणाली, ट्रॅकवर पिळून काढलेली गाडी कोण घेईल? मग मला न विचारता माझं सगळं खोडलं आणि दोन ओळी लिहिल्या. ‘मालक घाबरट. टायर नवे.’

अंगाचा तिळपापड झाला. पण गॅरेज तिचं, अट तिची.

४ मे, दुपारी

सकाळपासून बारा फोन. प्रत्येक जण आधी हेच विचारतो, की मालक खरंच घाबरट आहे का. प्रत्येकाला हो म्हणावं लागतं. बाराव्याला मी आपण होऊनच सांगून टाकलं.

५ मे, संध्याकाळी ६

गाडी गेली.

एक दातांचे डॉक्टर सपत्नीक आले. डॉक्टर भारी संशयी. गाडीभोवती तीन वेळा फिरले. टायर बघून बिथरले. म्हणाले, हे तर शर्यतीचे, म्हणजे तुम्ही गाडीचा पार पिट्ट्या पाडला असणार. मी शपथेवर सांगितलं, की नाही हो, मी फार हळू चालवतो. ते म्हणाले, विकताना सगळे असंच सांगतात. मी म्हटलं, मला वळणावर घाम फुटतो. त्यांना पटेना. माझ्या बायकोने मान डोलावली, तरी पटेना. ते निघाले, चपलाही घातल्या.

मग मीच आत गेलो. १९ एप्रिलचा वेळेचा छापील कागद शर्टांच्या खाली दडवून ठेवला होता. शिक्का, तारीख, गाडीचा नंबर, सगळं त्यावर आहे. तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला. दोन मिनिटं एकावन्न. बत्तीस गाड्यांत बत्तिसावा. आपल्या पत्नीला दाखवला, तिनेही वाचला. दोघांनी माझ्याकडे बघितलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या ड्रायव्हिंगवर खूश झालेलं मी पाहिलं.

बॉनेटसुद्धा उघडून न बघता त्यांनी गाडी घेतली. जाताना तो कागदही मागून घेतला. पुढेमागे विकायची वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणाले.