गाडीचं सुतक

१४ मे १९८६

गाडी गेली! आमची अँबेसिडर. ह्यांच्या अडत दुकानासमोर उभी होती. पाण्याचा टँकर चढावरून मागं घसरला तो थेट तिच्यावर. आत कुणी नव्हतं, महादेवाची कृपा! टँकरचा ड्रायव्हर व्यंकटी रस्त्यात बसून रडत होता. बायांनी फुटक्या टँकरखाली घागरी लावल्या. एकीनं चेपलेल्या बॉनेटवर कळशी टेकवली. हे ओरडले, "अगं, रंग जाईल!" रंग! मागची सीट स्टिअरिंगला भेटायला आली होती.

पोलिसांना मात्र म्हणाले, "व्यंकटीला सोडा. ब्रेक ठेकेदारानंच दुरुस्त केला न्हाई."

१५ मे

आम्हा लिंगायतांत सुतक पाळत न्हाईत. ह्यांनी पाळलं. अर्ध्या ताटावरून उठले. लोक भेटायला येतात, चहा पितात, मान हलवतात. शेजारच्या धोंडप्पांनी विचारलं, "शेवटी काही बोलली का?" हे हसले न्हाईत. मी आत जाऊन हसून घेतलं.

लातूर जिल्हा झाला त्या साली घेतली होती. "जिल्ह्याच्या गावात पायी हिंडावं का आता?" म्हणाले होते. तिच्यात माझ्यापेक्षा हरभऱ्याची पोती जास्त बसली!

२१ मे

विम्याचे सर्व्हेअर आले. नांदेडचे साहेबराव, शांत माणूस. गाडीभोवती फिरले, वाकले, उठले.

"मन्मथप्पा, टोटल लॉस. दुरुस्तीला गाडीच्या किमतीहून जास्त लागतील. कंपनी पैसे देईल, भंगार कंपनीचं. सही करा."

"भंगार कुणाला म्हणून राहिलात? हॉर्न वाजतो की!"

वाजवून दाखवला. वाजला! मग बंदच होईना. शेवटी साहेबरावांनी वायर उपटली.

सही केली न्हाई.

२ जून

जावयांचा, मलप्पांचा, निलंग्याहून फोन. "मामा, सही करा. नवी मारुती घ्या." हे म्हणाले, "बघू." ह्यांचं बघू म्हणजे न्हाई. लग्न झाल्यापासून ऐकते आहे.

९ जून

गाडी न्हाई तर पायी. संध्याकाळी दोघं सिद्धेश्वराला गेलो. लग्नानंतर असं चालत पहिल्यांदाच! आणि भर रस्त्यात ह्यांनी माझा हात धरला — ह्या वयात! नळाच्या रांगेतून गंगम्मा ओरडली, "काय शिवगंगाबाई, गाडी गेली अन् नवरा सापडला का?" अख्खी रांग हसली. रिकाम्या घागरी घेऊनसुद्धा हसली.

मी लाजले. हात सोडवला न्हाई.

१० जून

आजही धरला.

३० जून

आभाळ कोरडंच. सर्व्हेअर पुन्हा आले. मीच ह्यांना म्हटलं, "करा सही, न्हाईतर तिची समाधी बांधा अन् मी रोज बेल वाहते." साहेबराव खाली मान घालून हसले. ह्यांनी पेन घेतलं. सही रेघ सोडून भलतीकडंच गेली. साहेबरावांनी बोट ठेवून जागा दाखवली, पुन्हा केली. "दुःखानं हात भरकटला," मी चिडवलं.

क्रेननं गाडी उचलली तेव्हा ह्यांनी तोंड फिरवलं.

१८ जुलै

चेक आला. देवापुढं ठेवला, विभूती लावली. "मलप्पाला घेऊन नांदेडला जातो, गाडी बघतो," म्हणाले. पांढरंशुभ्र धोतर, नवी टोपी. नवरी बघायला निघाल्यासारखे एसटीत बसले! "मला पण येऊ द्या," म्हटलं तर म्हणाले, "न्हाई." एवढंच.

२० जुलै

आले. गाडी बघितलीच न्हाई. डोळ्याच्या डॉक्टरकडं गेले होते. दुसऱ्यांदा! पहिल्यांदा दिवाळीत गेले, मला न सांगता. डावा डोळा गेलाय. उजव्यानं समोरचं तेवढं दिसतं, कडेचं न्हाई.

"कळत होतं गं. तरी स्टिअरिंग सोडवत नव्हतं. ती असती तर चालवतच राहिलो असतो. एखादं लेकरू गेलं असतं माझ्या हातानं."

मी जेवण वाढलं. ताटातल्या वाट्या ह्यांच्या समोर सरकवून ठेवल्या.

मग म्हणाले, "गाडी घेऊ. पण चालवायची तू."

एकावन्नाव्या वर्षी!

हाव म्हटलं.