अंगावर आलेलं विमान

कस्तुरी,

दिवस मावळायच्या आत जेवून घे, माझी वाट बघू नकोस. रिमोटचं विमान लालासाहेबांच्या उसात पडलंय, ते शोधायला चाललो आहे, पायीच. ऊस डोक्याच्या वर गेलाय, तोडणीआधी सापडेल असं वाटत नाही. पण बॅटरीने खालचं वाळकं पाचट पेटलं तर काय, या भीतीने निदान बघून येतो.

सकाळी लालासाहेब म्हणाले, "आवं सर, इमान सरळ अंगावर येतंय अन् तुमी जाग्यावरनं हललाबी न्हाई. लय धीट हाय तुमी."

मी नुसता हसलो. मला ते लांब जाताना दिसत होतं, म्हणून माघारी वळवायला गेलो आणि उसात घातलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी फक्त थेंब दिले, असं मी तुला सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही फार टिकणार नाही, असंही ते म्हणाले होते. तोंडाने सांगायला मला जमलं नाही. इथेही नीट लिहिता आलंय असं नाही.

परवा सांगलीला जाताना तू माझ्या मागे बसली होतीस. स्कूटरची किल्ली या चिठ्ठीखाली आहे. ती आपल्या मुलाकडे, नेमिनाथकडे दे. मी मागितली तरी मला देऊ नकोस.